शिकवण्यासाठी घेतले, वसतिगृहासाठी विकले

अमेरिकेतील वालपरायझो विद्यापीठाला संग्रहातील तीन चित्रे विकण्याची मुभा देऊन इंडियानातील न्यायालयाने आपल्यापुरता वाद मिटवला. शिक्षणसंस्थांनी मात्र तो मिटला असे समजू नये. जॉर्जिया ओकीफ, चाइल्ड हॅसम आणि फ्रेडरिक चर्च यांच्या कॅनव्हासचे पैसे करून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे सुधारायची, हा बेत या विद्यापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केला. संग्रहालयांच्या आणि कलाशिक्षकांच्या संघटनांनी निषेध केला. ज्यांचे नाव विद्यापीठाच्या संग्रहालयाला आहे, ते नव्वदी ओलांडलेले रिचर्ड ब्राउअर न्यायालयात गेले आणि चित्रे विकणार असाल तर माझे नाव काढून टाका, असे त्यांनी बजावले. दावा लावण्याचा अधिकारच तुम्हाला नाही, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे संग्रहालयालाही टाळे लागले. हे सारे एका विद्यापीठाने, विद्येच्या नावाने केले.

विक्री वाईटच, पण त्यासाठी मांडलेला युक्तिवाद त्याहून वाईट आहे. पर्सी स्लोन यांनी १९५३ मध्ये विद्यापीठाला दिलेल्या देणगीत रूढ वळणाची अमेरिकी चित्रे घ्यावीत, अशी अट होती. विद्यापीठाने त्या अटीचा आधार घेतला. ओकीफ आधुनिक, हॅसम दृक्प्रत्ययवादी. म्हणजे त्यांची चित्रे अटीत बसतच नव्हती, त्यामुळे १९६०च्या दशकात ती घेतली हेच चुकले, असे विद्यापीठ सांगू लागले. साठ वर्षे ज्या चित्रांसमोर विद्यार्थ्यांना उभे केले, जी अभिमानाने मिरवली, ती किंमत वाढताच नियमबाह्य ठरली. ओकीफ यांचे ‘रस्ट रेड हिल्स’ १९६२ मध्ये ५,७०० डॉलरना घेतले होते. विक्रीचा बेत जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत दीड कोटी डॉलरपर्यंत सांगितली जात होती. ते तेव्हाही ५,७०० डॉलरचेच असते, तर देणगीपत्रातील अट कोणाला आठवली असती?

महाविद्यालयाने एखादे चित्र घेणे ही सजावटीची खरेदी नव्हे. हे का घ्यायचे, ते का नको, यातून काय शिकवता येईल, या प्रश्नांची उत्तरे शोधणे हेच शिक्षण आहे. म्हणून शिकवण्यासाठी घेतलेली वस्तू इमारतीसाठी विकता येत नाही. अमेरिकी कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेचा नियमही हाच आहे: विक्रीचा पैसा नव्या कलाकृतींवर किंवा असलेल्यांच्या जतनावरच खर्च व्हावा. व्हर्जिनियातील रँडॉल्फ कॉलेजने तो मोडला. विद्यार्थिनींनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून १९२० मध्ये २,५०० डॉलरना घेतलेले जॉर्ज बेलोज यांचे चित्र या कॉलेजने २०१४ मध्ये २ कोटी ५५ लाख डॉलरना विकले. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांनी ती कॉलेजची तूट भरण्यासाठी दिली नव्हती.

वसतिगृहे नीट असावीत, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरा, कर्ज काढा, प्रशासनाचा खर्च कापा. भिंतीवरचे चित्र काढणे हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग आहे आणि सर्वांत लाजिरवाणाही. इमारत तीस वर्षांनी पुन्हा दुरुस्तीला येईल. तेव्हा काय विकणार?

निवड कशी करावी, याचे उत्तर अमेरिकेतच आहे. वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे विद्यार्थी १९६३ पासून साधारण दर चार वर्षांनी अभ्यास करून न्यूयॉर्कला जातात, गॅलऱ्या पालथ्या घालतात, आपसात वाद घालतात आणि विद्यापीठाच्या पैशाने चित्रे निवडतात. पिकासो, जॅस्पर जॉन्स, कीथ हेरिंग यांची कामे या संग्रहात अशीच आली. विशीतल्या मुलांवर एवढा विश्वास टाकणाऱ्या संस्थेला संग्रह म्हणजे काय, हे कळलेले आहे.

आणि आपल्याकडे? मुंबईत होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी हे करून दाखवले. निधीतला एक टक्का कलेवर खर्च करण्याची परवानगी त्यांनी नेहरूंकडून मिळवली आणि गायतोंडे, हुसेन, आरा यांना फारसे गिऱ्हाईक नव्हते त्या काळात त्यांची चित्रे घेतली. गायतोंडे यांचे एक चित्र २०२१ मध्ये लिलावात जवळपास ४० कोटी रुपयांना गेले. भाभांनी भावाकडे पाहिले नाही, चित्राकडे पाहिले. हा वारसा पुढे चालवणारी विद्यापीठे महाराष्ट्रात किती? सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून उभे आहे. पुढे नामवंत झालेल्या चित्रकारांची विद्यार्थिदशेतील कामे तिथे आहेत. असा ठेवा राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला सहज पाहता यायला हवा. इतरत्र भिंतींवर दिसतात ती माजी कुलगुरूंची तैलचित्रे आणि पाहुण्यांनी भेट दिलेल्या तसबिरी. कोणी, का निवडल्या, हे विचारायची सोय नाही. ज्याची निवडच विचाराने झालेली नाही, त्याचे जतन कोण करणार आणि ते विकले गेले तर कोण अडवणार?

म्हणून वालपरायझोची बातमी दूरदेशीची म्हणून सोडून देऊ नये. आपल्या विद्यापीठांच्या जमिनी, ग्रंथालये, जुनी हस्तलिखिते या सगळ्यांकडे उद्या तूट भरून काढणारी मालमत्ता म्हणून पाहिले जाऊ शकते. तशी वेळ येण्याआधी प्रत्येक विद्यापीठाने संग्रहाची यादी प्रसिद्ध करावी. खरेदीसाठी लहान का होईना, पण स्वतंत्र तरतूद ठेवावी. निवड समितीत चित्रकार, अध्यापक आणि विद्यार्थी असावेत, प्रत्येक निवडीचे कारण लिहून ठेवावे आणि विक्रीचा पैसा संग्रहाबाहेर जाणार नाही, असा नियम विद्यापीठाच्या परिनियमांतच घालावा. शिकवण्यासाठी घेतलेले विकायचे नाही, हे लिहून ठेवल्याशिवाय पाळले जाणार नाही.