विम्याचा ‘बोनस’ : सावधपणाचे बक्षीस की गप्प राहण्याचे?

श्रीनगर-कन्याकुमारी हा उत्तर-दक्षिण महामार्ग आणि पोरबंदर-सिल्चर हा पूर्व-पश्चिम महामार्ग एकमेकांना छेदतात ते झाशीपाशी. साऱ्या देशाचे मालट्रक या चौकातून जातात आणि त्यांच्यामधून वाट काढीत स्थानिक माणूस आपली गाडी हाकत असतो. त्यात वॅगन दुरुस्ती कारखान्यातील रेल्वे कामगार असतो, खैलारच्या ‘भेल’मधला तंत्रज्ञ असतो, स्थानकावरून ओर्छा-खजुराहोकडे प्रवासी नेणारा टॅक्सीचालक असतो. नेवाळकरांच्या काळापासून येथे नांदणाऱ्या मराठी घरांतही आज कर्जावर घेतलेली एखादी मोटार किंवा स्कूटर आहेच. तेव्हा मोटारविमा हा श्रीमंतांचा विषय आहे असे म्हणून तो झटकून टाकता येणार नाही.

या विम्यात ‘नो क्लेम बोनस’ नावाची एक सवलत आहे. वर्षभरात दावा केला नाही तर नूतनीकरणाच्या वेळी हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षे दावा नसेल तर 25, तीन वर्षांनी 35, चार वर्षांनी 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के, अशी ही चढती शिडी आहे. ही सूट केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी भरावयाच्या हप्त्यावर असते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीच्या केलेल्या ‘तृतीय पक्ष’ विम्याच्या हप्त्यात एका पैशाचीही सूट नाही.

शिडी चढायला पाच वर्षे लागतात, कोसळायला एक दावा पुरतो. समजा, एखाद्या कामगाराच्या गाडीचा स्वनुकसान हप्ता 8,000 रुपये आहे आणि पाच वर्षांच्या निर्विघ्न प्रवासानंतर तो 4,000 भरतो आहे. त्याने एक दावा केला. दर तेच राहिले असे धरले, तर पुढील पाच वर्षांत त्याला अनुक्रमे 4,000, 2,400, 2,000, 1,200 आणि 400 रुपये जादा भरावे लागतील. ही रक्कम 10,000 होते, कर वेगळा. शिवाय दावा मंजूर झाला तरी प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी कापली जाते आणि प्रत्येक दाव्यातून एक ठरावीक रक्कमही वजा होते. म्हणून आठ-दहा हजारांची दुरुस्ती शहाणा माणूस खिशातूनच करतो. त्याने विम्याचा हप्ता भरलेला असतो, नुकसानही तोच सोसतो, आणि वर्षअखेरीस या सोसण्याला ‘बोनस’ असे गोड नाव मिळते.

‘बोनस’ हा शब्द कामगार चळवळीला नवा नाही. 1924 साली मुंबईच्या गिरणी मालकांनी बोनस रोखला, तेव्हा ती आपली मर्जीची देणगी आहे, असेच ते म्हणत होते. दीड लाख कामगार संपावर गेले, संप फसला, पण देणगी की हक्क हा प्रश्न त्यानंतर मिटला नाही. 1965 च्या कायद्याने तो अखेर हक्क ठरला. विम्याच्या बोनसकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे. कंपनी येथे काहीही दान करीत नाही. ज्याने जोखीम कमी आणली त्याच्याकडून कमी हप्ता घेणे हा साधा हिशेब आहे, आणि या तत्त्वाला विरोध करण्याचे कारण नाही. बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्याचा भार सावध चालकाने का उचलावा?

परंतु ही शिडी सावधपणा मोजतच नाही, ती केवळ दावे मोजते. झाशीच्या रस्त्यावर हा भेद स्पष्ट होतो. बुंदेलखंडात गुरे मोकळी सोडण्याची जुनी रीत आहे. तिला ‘अन्ना प्रथा’ म्हणतात. रब्बीचे पीक निघाल्यावर सोडायची आणि पेरणीपूर्वी बांधायची, अशी ती मूळची होती. पुढे बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, दुष्काळाने वैरण नेली, 2017 नंतर गुरांची खरेदी-विक्रीही आक्रसली, आणि गुरे बारा महिने रस्त्यावर आली. रात्री महामार्गावर अचानक एखादे जनावर आडवे येते. चालकाने मद्य घेतलेले नसते, वेगही ओलांडलेला नसतो. गाडीचा पुढचा भाग चेपतो, आणि दावा केला की पाच वर्षांची सवलत शून्य होते. उभ्या गाडीवर झाड कोसळले तरी हाच न्याय. ज्याचा कारभार चुकला त्याला काही भरावे लागत नाही, सवलत मात्र चालकाची जाते.

ब्रिटनमध्ये एका दाव्याने सवलत सहसा शून्यावर येत नाही, काही पायऱ्या खाली उतरते. दोष दुसऱ्याचा ठरून खर्च त्याच्या विमा कंपनीकडून वसूल झाला, तर ती बहुधा अबाधित राहते. तेथील विमा धंदाही नफ्यासाठीच चालतो, हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे या अन्यायावर तोड निघाली ती अशी : जादा हप्ता भरा आणि बोनसचेही संरक्षण विकत घ्या! शून्यावर घसरण्याची तरतूद नियमाने केली, तिच्यापासून बचाव बाजारात मांडला गेला. 1973 साली सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन 107 संस्थांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. खासगी कंपन्यांना 2000 साली पुन्हा दार उघडले आणि 2007 पासून स्वनुकसान विम्याचे दर मोकळे झाले. स्पर्धेमुळे ग्राहक राजा होईल असे तेव्हा सांगण्यात आले होते. शिडीची ही घसरण मात्र जशीच्या तशी राहिली.

नियम बदलेपर्यंत आहे तो हक्क तरी गमावू नये. ही सवलत गाडीची नसून विमाधारकाची असते. गाडी विकली तर जुन्या कंपनीकडून तसा दाखला घ्यावा, तो तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो. कंपनी बदलली तरी सवलत सोबत जाते. मात्र पॉलिसीची मुदत संपून 90 दिवस उलटले की ती बुडते. सुगीच्या दिवसांत हप्ता तुंबवणाऱ्या टॅक्सीचालकाला हा फटका हमखास बसतो. दावा लपवून सवलत लाटणे तर फारच महाग पडते. खोटे उघड झाले की स्वनुकसानीचे सारे संरक्षणच जप्त होते.

देशातील निम्म्याहून अधिक वाहने आजही विम्याविना धावतात, आणि त्यांत बहुसंख्य दुचाक्या आहेत. त्यांच्या मालकांना हप्ता भरण्यास सांगताना मोकाट जनावराच्या धडकेत त्यांची सवलत जाणार नाही, एवढी हमी विमा नियामकाने आधी द्यावी. पोलिसांच्या पंचनाम्यावरून अशा दाव्यांची वेगळी नोंद ठेवणे अवघड नाही.