फोन उचलणारा माणूस

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकतो. विषय तसा रुक्ष आहे, पण घराशेजारी घडलेल्या एका प्रसंगामुळे तो डोक्यातून जायला तयार नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दोन-अडीच वाजले असतील. शेजारचे काका न्हाणीघरात पडले आणि बोलेनात. काकू आमच्या दारावर थापा मारत आल्या. मी एका मदत क्रमांकावर फोन लावला (कोणत्या ते लिहीत नाही, दोष कुणा एकाचा नव्हता). पलीकडे एक मुलगी होती. आवाज शांत, बोलणं अदबीचं.

"सर, आपलं ठिकाण?"

"शहापूर."

"शहापूर, जिल्हा ठाणे?"

"नाही हो, इचलकरंजीतलं शहापूर."

"तालुका इचलकरंजी का सर?"

"तालुका हातकणंगले. जिल्हा कोल्हापूर."

मग जवळची खूण. मी म्हटलं, "सायझिंगच्या मागे." तिला सायझिंग म्हणजे काय ते कळेना. आणि खरं सांगायचं तर माझंही चुकलंच. आपल्या गावात "सायझिंगच्या मागे" म्हणून पत्ता सांगणं म्हणजे काहीच न सांगणं!

एवढ्यात मामा उठून आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि चार वाक्यांत सांगितलं : माणूस सत्तरीचा, पडलाय, श्वास चालू आहे, शुद्ध नाही. गाडी मेन रोडनं आणा. गल्लीत वळणार नाही, कोपऱ्यावर थांबवा. कोपऱ्यावर माणूस उभा करतोय, हातात बॅटरी असेल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा, उभा ऱ्हा."

गाडी आली. काका वाचले. आता रोज सकाळी आमचाच पेपर आमच्या आधी वाचतात :)

पण मला ते चार वाक्यांतलं बोलणं विसरता येईना. त्यात नवीन काहीच नव्हतं, मलाही ते सगळं माहीत होतं. फक्त त्या वेळी काय सांगायचं आणि काय गाळायचं, ते मला कळलं नाही. मामांना कळलं, कारण आयुष्यभर ते त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला होते.

तर मुद्दा असा. अशी माणसं आपण अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ देऊन घरी पाठवतो. फायरमन, पोलीस हवालदार, रुग्णवाहिकेचे चालक. गुडघे गेलेले असतात, शिडी चढवत नाही, मान्य. पण फोन उचलायला गुडघे कशाला लागतात? यांना नियंत्रण कक्षात परत का बोलावू नये?

थोडी व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे 108 ची रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये सुरू झाली, 937 गाड्या घेऊन, आणि तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात. 112 महाराष्ट्रात 2021 पासून. तिथे फोन आधी नवी मुंबईच्या केंद्रात घेतला जातो, जोडीला नागपूरचं केंद्र. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येते आणि तो कक्ष जवळची गाडी पाठवतो. पद्धत चांगली आहे. पूर्वी शंभर नंबर लागायचा नाही, लागला तर कुणी उचलायचं नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आता पडद्यावर फोन करणाऱ्याचं ठिकाणही अंदाजानं दिसतं.

पण अंदाजानंच. जवाहरनगर कोल्हापुरातही आहे आणि इचलकरंजीतही. शहापूरचं तर वर सांगितलंच. पुराच्या दिवसांत आणखी गंमत. पंचगंगा कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी ओलांडते, इचलकरंजीत पुलाजवळ हा आकडा 71 फुटांचा. मोजायची जागा वेगळी, शून्य वेगळा. "पाणी पन्नास फुटांवर गेलंय" असं कुणी घाबरून सांगितलं तर ते कोणत्या गावात घाबरण्यासारखं आहे, हे 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या माणसाला विचारावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट. लंडनचा 999 हा अशा आणीबाणीच्या नंबरांमधला जुना नंबर, 1937 चा. त्याच्या दोन वर्षं आधी तिथे एका घराला आग लागून पाच बायका गेल्या होत्या. शेजाऱ्यानं अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण तो एक्स्चेंजच्या रांगेत अडकला. त्यातून वेगळ्या नंबराची कल्पना पुढे आली. म्हणजे नंबरानं रांगेचा प्रश्न सोडवला. पण रांग संपल्यावर पलीकडे कोण बसलंय, हा प्रश्न उरतोच.

आता विरोधातले मुद्दे. मी स्वतःच मित्रांकडून ऐकले आहेत, आणि ते खोटे नाहीत.

पहिला, पोरांच्या नोकऱ्या. जुलै 2023 मध्ये सरकारनं निवृत्त शिक्षकांना महिना 20 हजार मानधनावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा डीएड करून बसलेल्या पोरांनी विचारलं, आम्ही काय करायचं? बरोबरच होतं त्यांचं. मंजूर पद रिकामं ठेवायचं आणि पेन्शनवाल्याला स्वस्तात बसवायचं, ही बचत नव्हे, पळवाट आहे. माझं म्हणणं तसं नाही. पोरांच्या जागी नको, पोरांच्या शेजारी बसवा. एका पाळीला एक जुना माणूस, चार-पाच तास, वर्षाच्या करारावर.

दुसरा, कान आणि कॉम्प्युटर. मामांचा डावा कान सायरननं अधू झालाय. टायपिंग एका बोटानं. पण टायपिंग करणारी मुलगी शेजारी आहेच की. कानांची तपासणी मात्र आधी झालीच पाहिजे.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड आणि तो माझ्या बायकोनं काढला. ती म्हणाली, "रात्री नवरा मारतोय म्हणून एखादीनं फोन केला आणि तुमच्या जुन्या हवालदारानं 'बाई, मिटवून घ्या' म्हटलं, तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अनुभवात चांगल्याबरोबर वाईट सवयीही येतात. म्हणून सरसकट कुणालाही बोलवू नका. निवडून घ्या, नव्यानं शिकवा, त्यांचेही फोन रेकॉर्ड होऊ द्यात आणि तपासा. असे फोन शक्यतो स्त्रियांकडेच जावेत. निवृत्त महिला पोलीसही आता आहेतच, त्यांना कुणी विचारलंय का?

इथपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं. मग वाटलं, मामांनाच विचारावं. रविवारी जेवण झाल्यावर विषय काढला. वाटलं होतं, खूश होतील. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.

मग म्हणाले, "गाडीवर असलं की बरं असतंय. हात चालत असतात. फोनवर नुसतं ऐकायचं."

एकदा रात्रपाळीला फोन त्यांनीच उचलला होता. गोदामाला आग. सुताची बाचकी पेटलेली. आतला पोरगा फोनवर बोलत होता, हे सांगत होता, ते सांगत होता. मामा इकडे गाडी काढायला ओरडत होते आणि तिकडे त्याला दार कुठंय ते विचारत होते. मग पोरगा बोलायचा थांबला. फोन मात्र चालूच होता. "किती वेळ धरून बसलो, म्हायती न्हाई," म्हणाले. मामींनाही हे माहीत नव्हतं. त्या भांडी घासता घासता थांबल्या.

मी हे आधी धरलंच नव्हतं. माझ्या हिशेबात मामा म्हणजे अनुभव, एक उपयोगी वस्तू, पडून राहिलेली, परत वापरता येईल अशी. त्या अनुभवाचं काही ओझं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीस वर्षं हे ऐकलेल्या माणसाला पुन्हा तेच ऐकायला बसवायचं, तर आधी त्याला विचारावं लागेल. आणि वाईट फोन आला की त्याच पाळीत त्याला उठून बाहेर जाता आलं पाहिजे, कुणाशी तरी बोलता आलं पाहिजे. हे अर्थातच त्या अदबशीर मुलीलाही लागू आहे. तिनं रात्रभरात असे किती फोन घेतले असतील, देव जाणे. तिच्याशी तरी कोण बोलतं?

तरी माझं मत बदललेलं नाही, थोडं सरकलंय. ज्यांना यायचंय त्यांना बोलवा, ज्यांना नकोय त्यांना गळ घालू नका. आणि फोनवर बसवण्याआधी एक सोपं काम द्या : गाव लिहून घ्या. कोणत्या गल्लीत बंब वळत नाही, कुठे पाणी भरता येतं, पुरात कोणता रस्ता आधी बंद होतो, लोक कोणत्या चौकाला कोणत्या नावानं ओळखतात. 1904 मध्ये इथे पहिला यंत्रमाग लागला, तेव्हापासून गाव माग बसतील तसं वाढत गेलंय. नकाशावरची नावं एक आणि तोंडातली दुसरी. ही यादी जिल्ह्याच्या कक्षातल्या प्रत्येक टेबलावर असली, तर निम्मं काम होईल.

मामांनी "बघू" म्हटलं होतं. परवा गेलो तर एका जुन्या हिशेबाच्या वहीत सतरा पानं भरलेली. गल्लीवार. काही ठिकाणी पेन्सिलनं बाण काढलेत. मी विचारलं, "मामा, कुणाला द्यायची ही?"

"ते तू बघ," म्हणाले. "मला लिव्हायला सांगितलास, लिव्हली."

आता ती वही माझ्या टेबलावर आहे. कुणाकडे न्यायची ते शोधतोय. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असे निवृत्त काका-मामा असतील, तर त्यांनाही एक वही आणून द्या. आणि पुण्याची आत्या हे वाचत असेल तर, हो, मामांचा कान दाखवून आणलाय. मशीन घ्यायला सांगितलंय, पण ऐकतील तर शप्पथ!