टाकी उपसली, गटाराचे काय?

नदीकाठच्या छोट्या शहरांत एक समजूत घट्ट बसली आहे. सांडपाणी नदीत गेले तरी नळाच्या पाण्यात क्लोरिन असतेच, मग काळजी कसली? या समजुतीची किंमत दिल्लीने १९५५-५६ मध्ये मोजली. यमुनेतील सांडपाणी वजिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचले. पाण्यात क्लोरिन टाकले जात होते आणि जिवाणूंपासून होणाऱ्या टायफॉइडची साथ आली नाही. पण विषाणू तगून राहिले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही कावीळ ‘हिपॅटायटिस ई’ची होती, हे पुढे स्पष्ट झाले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर शंभरातल्या २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात. म्हणून मैला नदीत जाण्याआधीच अडवायला हवा.

बहुतेक छोट्या शहरांत भुयारी गटार नसते. घरोघरी असते ती सेप्टिक टाकी. तिच्यात जड मैला तळाशी बसतो, थोडा कुजतो. वरून बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे असले, तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. ते शोषखड्ड्यात जिरायला हवे, पण दाट वस्तीत शोषखड्ड्याला जागाच नसते. ते उघड्या गटारात, तिथून ओढ्यात आणि शेवटी नदीत जाते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. आपण ती तुंबेपर्यंत हात लावत नाही, आणि उपसलेला मैला कुठे रिकामा केला हेही विचारत नाही.

कृष्णाकाठच्या वाईने यातला एक भाग चांगला सोडवला. तिथे घरमालकाच्या फोनची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू झाली. उपसलेल्या मैल्यासाठी दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभे राहिले. इतर नगरपालिकांनी हे जरूर उचलावे.

मात्र हिशेब इथे संपत नाही. २०११ च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. एवढ्या शहरात माणशी १३५ लिटर पाणी वापरले आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी झाले असे धरले, तर रोज सुमारे ३९ लाख लिटर होते. टाकीचा मैला आणि गटाराचे पाणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सुटला म्हणजे दुसरा सुटला असे नाही.

दुसऱ्यासाठी मोठा यांत्रिक प्रकल्पच हवा, असेही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेली क्षमता ३१,८४१, तर प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे बांधलेलेही पुरते चालत नाही. विजेचे बिल आणि प्रशिक्षित माणसे ज्या नगरपालिकेला परवडत नाहीत, तिने नाल्याच्या तोंडाशी पाणी अडवून ते स्थिरीकरण तळ्यांतून किंवा वनस्पती लावलेल्या खडीच्या थरांतून सोडावे. जागा जास्त लागते, वीज फार कमी.

आणि प्रकल्पाची क्षमता नव्हे, नदीत पडणारे पाणी मोजावे. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी आणि त्यातील विष्ठेतले जिवाणू दरमहा तपासून आकडे नगरपालिकेच्या फलकावर लावावेत. नगरसेवकाकडे उद्घाटनाची तारीख विचारण्यापेक्षा हे आकडे मागा. तोवर घरात गरोदर स्त्री असेल, तर पाणी उकळूनच द्या. वाईच्या खाली कराड आहे, पुढे सांगली आहे. आपण सोडतो ते पाणी कुणाच्या तरी हंड्यात जाते, आणि आपल्या हंड्यातलेही वरच्या गावाने सोडलेले असते.