पायाची जखम : आधी ओळखा, मग पट्टी बांधा

भिवंडीत यंत्रमागावर तासन् तास उभे राहायचे आणि तालुक्यातल्या गावांत आषाढात अनवाणी भातलावणी करायची. दोन्हीकडे रोजी पायावरच. तरीही महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमेवर आपला एकच इलाज, मलम फासा आणि फडके आवळा. वाचकहो, इथेच घात होतो.

जखम कुठे आहे ते आधी पाहा. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला ओलसर, पसरट जखम असेल, भोवतीची कातडी काळपट, संध्याकाळी सूज आणि पोटरीवर शिरा फुगलेल्या असतील, तर दोष अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांचा. उभ्याच्या कामाने तो बळावतो. इथे मलमापेक्षा दाबपट्टी आणि पाय उंच ठेवून विश्रांती कामाची.

बोटांच्या टोकाला कोरडी, काळपट, रात्री ठणकणारी जखम आणि पाऊल गार असेल, तर शुद्ध रक्ताची वाट अडली आहे. बिडी-तंबाखू हे त्याचे मोठे कारण. या पायाला पट्टी आवळली, तर पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून पट्टीआधी डॉक्टरांकडून पावलावरची नाडी तपासून घ्या.

तिसरी जखम तळव्याची. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झाला, की खडा रुतला तरी कळत नाही. कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत, बधिर पायाला वारंवार इजा होऊन झिजतात, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिले. असा पाय वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडात घालू नका. भाजलेलेही कळणार नाही. रोज रात्री तळवे पाहा, अनवाणी फिरू नका. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

पण सगळा भार रोग्यावर टाकून कसे चालेल? उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिले होते. मागाशेजारी एक बाकडे टाकायला मालकाचे असे किती पैसे जातात? आणि आरोग्य केंद्रात नाडी बोटांनी कळते, बधिरपणा हलक्या स्पर्शाने. त्याला यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात. ती मिळालीच पाहिजेत.

पंधरा दिवसांत जखम भरत नसेल, तर दवाखाना गाठा. मधुमेह असेल, जखम काळी पडली किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी. एक खाडा परवडेल, पाय गेलेला परवडणार नाही.