टपालाने भरणारी शाळा

चित्र काढून झाल्यावर त्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक हौशी चित्रकाराला पडतो. स्पर्धेस पाठविले तर परीक्षक त्यास क्रमांक देतात, किंवा देत नाहीत. क्रमांक मिळालेले चित्र भिंतीवर चढते. न मिळालेले कपाटाच्या तळाशी जाते. रे जॉन्सन (१९२७-१९९५) या अमेरिकन चित्रकारांनी यातून निराळाच मार्ग काढला. चित्र पाकिटात घालावे, वर तिकीट लावावे आणि टपालपेटीत टाकून द्यावे!

वर्तमानपत्रांतील कात्रणे, रेखाटने आणि शब्दांच्या कोट्या एकत्र करून जॉन्सन आपल्या परिचितांस पाठवीत. सशासारखे लांब कानांचे एक डोके हे त्यांचे आवडते चिन्ह. अशी डोकी ते ओळीने काढीत आणि प्रत्येकाखाली कोणाचे तरी नाव लिहीत. पुष्कळदा कागदावर सूचना असे : 'यात भर घाला आणि परत पाठवा.' पत्र ज्याला मिळे तो त्यात एखादी रेघ ओढी, एखादे कात्रण चिकटवी, आणि कागद पुन्हा प्रवासास निघे. मग ते चित्र कोणाचे म्हणावयाचे? पहिली रेघ ओढणाऱ्याचे की शेवटची ओढणाऱ्याचे? त्या मंडळींस हा प्रश्न फारसा पडत नसे.

१९६२ मध्ये एड प्लंकेट या मित्राने या पत्रमंडळास 'न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल' असे नाव दिले. घरबसल्या टपालाने चित्रकला शिकविणाऱ्या संस्था तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांची ही थट्टाच होती. जॉन्सन यांनी तीवर कडी केली. 'करस्पॉन्डन्स' म्हणजे पत्रव्यवहार. त्या शब्दाच्या इंग्रजी लेखनातील एकच अक्षर त्यांनी बदलले आणि शब्दाच्या शेवटी 'डान्स' म्हणजे नृत्य आणून बसविले. (वर्गात शुद्धलेखनाची अशी चूक खपणार नाही, ही गोष्ट वेगळी.) या शाळेस इमारत नव्हती, फी नव्हती आणि मुख्याध्यापक तर मुळीच नव्हता. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचे प्रदर्शन भरले, तेव्हा जॉन्सन यांनी आपल्या पत्रमित्रांस परस्पर संग्रहालयाकडेच टपाल पाठविण्यास सांगितले. जे जे आले ते ते मांडण्यात आले.

हा खेळ पुढे युरोप, दक्षिण अमेरिका आणि जपान येथे पसरला व त्यास 'मेल आर्ट' म्हणजे टपालकला असे नाव पडले. त्याचे काही संकेतही ठरून गेले. प्रदर्शनासाठी आलेले चित्र नाकारावयाचे नाही, प्रवेशमूल्य घ्यावयाचे नाही, चित्र परत करावयाचे नाही. मात्र भाग घेणाऱ्या प्रत्येकास सर्वांच्या नावांची यादी अवश्य पाठवावयाची.

निवडच करावयाची नाही, तर चांगल्यावाईटाचा विवेक कसा राहणार, असे कोणी विचारील. हा आक्षेप खोटा नाही. अशा प्रदर्शनांत घाईघाईने रंगविलेले कागदही येतात, आणि एकाच चित्राच्या शंभर प्रती काढून शंभर जणांस धाडून देणारे आळशीही असतात. परंतु परीक्षक गेला म्हणून कसोटीही गेली, असे होत नाही. स्पर्धेतील चित्र अनोळखी परीक्षकासाठी असते. पाकिटातील चित्र एका विशिष्ट माणसासाठी असते. त्याला काय रुचेल, पाकीट फोडताना तो कशाने हसेल, याचा विचार करावा लागतो. हा विचार क्रमांकाच्या विचाराहून सोपा तर नाहीच, पण अधिक माणुसकीचा आहे. या खेळात ओबडधोबड चित्र पाठविणाऱ्यास क्षमा आहे. आलेली चित्रे ठेवून घेऊन यादी न पाठविणाऱ्यास नसावी.

जपानच्या र्‍योसुके कोहेन यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९८५ मध्ये त्यांनी 'ब्रेन सेल' म्हणजे 'मेंदूची पेशी' हा उपक्रम आरंभिला. निरनिराळ्या देशांतून आलेली छोटी चित्रे, शिक्के व तिकिटे ते एकाच मोठ्या कागदावर छापतात आणि त्या कागदाची प्रत प्रत्येक सहभागी व्यक्तीस धाडतात. आपल्या चित्राच्या शेजारी कोणाचे चित्र येऊन बसेल, हे पाकीट फोडीपर्यंत कळत नाही.

हा सारा पोरखेळ आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी उरुग्वे या देशाकडे पाहावे. तेथे १९७३ पासून हुकूमशाही होती. क्लेमेंते पादीन व होर्हे काराबायो हे दोघे टपालकलावंत राज्यकर्त्यांस झोंबणारी चित्रे काढीत, म्हणून १९७७ मध्ये त्यांस तुरुंगात टाकण्यात आले. तेव्हा देशोदेशीच्या टपालमित्रांनी, ज्यांतील कित्येकांनी त्या दोघांस कधी डोळ्यांनीही पाहिले नव्हते, त्यांच्या सुटकेसाठी पत्रांची मोहीम उघडली. पादीन १९७९ मध्ये सुटले. ते केवळ पत्रांमुळे सुटले, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु सशाच्या कानांची चित्रे पाठविता पाठविता ही माणसे एकमेकांची एवढी आपली झाली होती, हे मात्र खरे.

पत्रांचे दिवस आता सरत आले आहेत, असे पुष्कळ जण म्हणतात. डेन्मार्कच्या जुन्या टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस पत्रे पोचविण्याचे काम थांबविलेही. टपालकलेच्या चाहत्यांस याचे दुःख होणे साहजिक आहे. पण शाळा बंद झाल्याची बातमी त्यांनी पूर्वीही एकदा ऐकली आहे. १९७३ मध्ये खुद्द जॉन्सन यांनीच 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राच्या मृत्युवार्ता विभागास पत्र लिहून आपली शाळा निधन पावल्याचे कळविले होते. ते पत्र टाकून झाल्यावर ते पुन्हा नवी पाकिटे भरण्याच्या उद्योगास लागले.