एका फिल्मचीं दोन आकाशें

फोटो म्हणजे डोळ्यांपुढें होतें तें जसेंच्या तसें उतरलें, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हीही तींतच वाढलों.

१ नोव्हेंबर १९४१ रोजीं, मावळतीच्या वेळीं, अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्यांत हर्नांडेझ या खेड्यापाशीं अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीं घाईनें मोटार थांबविली. दफनभूमींतील पांढऱ्या क्रूसांवर शेवटचें ऊन होतें, वर चंद्र उगवला होता, आणि ऐन वेळीं प्रकाशमापक सांपडेना! चंद्राची दीप्ति किती हें त्यांना पाठ होतें. तेवढ्यावर मनांतच हिशेब करून त्यांनीं एक सेकंद प्रकाश दिला. दुसरी फिल्म सज्ज होते न होते तोंच ऊन गेलें.

हाती आली ती एकच निगेटिव्ह. १९४८ मध्यें तिचा खालचा फिकट भाग त्यांनीं रसायनानें गडद करून घेतला. आरंभींच्या प्रतींत आकाशांत ढगांचे पुसट पट्टे दिसतात. पुढच्या प्रती काढतांना अंधारखोलींत कागदाच्या त्या भागास अधिक प्रकाश देऊन त्यांनीं आकाश जवळजवळ काळें केलें.

यांतील खरी प्रत कोणती? आम्हांस पहिलीच बरी वाटते. तींत संध्याकाळ अजून सरलेली नाहीं. अ‍ॅडम्स यांचा कल मात्र पुढेंपुढें काळ्या आकाशाकडेच राहिला.