पॅटिस, चिरोटा आणि ‘फ्रेंच’ नावाची पाटी

शिरूर–दौंड परिसराच्या इतिहासावरील या धाग्यात आज तोफांच्या जोडीला थोडा मैदाही येणार आहे. निमित्त साधे आहे. तालुक्याच्या गावांतील केकच्या दुकानांवरही आता ‘फ्रेंच पेस्ट्री’ हे शब्द दिसू लागले आहेत, आणि त्यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणते, असले नाजूक काही आपल्याकडे कधी नव्हतेच. दुसरी म्हणते, हे सारे आपल्या चिरोट्यावरूनच उचललेले आहे. मला दोन्ही मते अमान्य आहेत.

फ्रेंच या भागात खरोखर आले होते, तेव्हापासून सुरुवात करू. १७५१च्या अखेरीस निजाम सलाबतजंगाची फौज पुण्याच्या रोखाने निघाली. तिच्या अग्रभागी सेनानी बुसी, त्याचा तोफखाना आणि कवायती पायदळ होते. कुकडीकाठी चंद्रग्रहणाच्या रात्री त्यांनी नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. पेशव्यांची सोन्याची काही उपकरणी त्या रात्री लुटली गेल्याचे ग्रँट डफने नोंदवले आहे. पुढे रांजणगाव लुटले गेले, तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त झाले, फौज कोरेगावच्या भीमेपर्यंत पोहोचली आणि १७५२च्या आरंभी तह झाला. या स्वारीतून आपल्याला राख मिळाली, पाककृती नव्हे.

मग पाककृती आली कुठून? दुकानातील काचेच्या कपाटाकडे पाहा. वरच्या फळीवर ‘पेस्ट्री’ म्हणून मांडलेला तुकडा म्हणजे स्पंज केकचे थर आणि त्यांवर बहुधा वनस्पती तेलापासून केलेला पांढरा फेस. मराठीत पेस्ट्री म्हणजे हाच तुकडा, असा अर्थ रूढ झाला आहे. मूळ अर्थाने मात्र तो शब्द पिठाच्या मळलेल्या गोळ्यापासून, त्याच्या कवचापासून आणि पापुद्र्यांपासून केलेल्या पदार्थांचा आहे. त्या अर्थाने फ्रेंच घराण्याला अधिक जवळचे काय असेल, तर खालच्या फळीवरची खारी आणि पॅटिस. ‘पॅटिस’ हा शब्दसुद्धा इंग्रजी ‘पॅटी’मधून मागे ‘पाते’ या फ्रेंच शब्दापर्यंत जातो. शिरूर ही एके काळी इंग्रजांची छावणी होती आणि दौंड हे रेल्वेचे जंक्शन. पाव पोर्तुगिजांनी दिला, तर पफचे हे कूळ आपल्याकडे इंग्रजी अमदानीच्या वाटेने आले. दौंडला गाडी बदलताना गरम पॅटिस खाणाऱ्याला आपण फ्रेंच परंपरा चघळत आहोत, हे कोणी सांगितलेले नसते.

ती परंपरा अशी. मैद्याच्या गोळ्यात थंड लोण्याची वडी गुंडाळायची, लाटायची, तिहेरी घडी घालायची, पुन्हा लाटायची. सहा वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीच्या उष्णतेने आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती प्रत्येक पदर उचलते. ‘मिल-फॉय’ म्हणजे सहस्र पाने, हे नाव त्यावरूनच. १६५३च्या ‘ल पातिसिए फ्राँस्वा’ या ग्रंथात पापुद्र्यांच्या पिठाची कृती आहे.

पण ‘पारंपरिक फ्रेंच’ म्हणून मिरवणारे सारेच इतके जुने नाही, आणि सारेच फ्रेंचही नाही. क्र्वासाँचा पूर्वज व्हिएन्नाचा. १८३०च्या दशकाच्या अखेरीस आउगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियनाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, आणि आजच्या पापुद्रेदार क्र्वासाँची कृती तर विसाव्या शतकातली. फ्रेंच लोक या पदार्थवर्गाला आजही ‘व्हिएन्नवाझरी’ म्हणतात. म्हणजे ऋण त्यांनी नावातच नोंदवून ठेवले आहे.

आणि गोडी? उसाच्या पट्ट्यात, पाटस आणि न्हावरे येथील कारखान्यांच्या छायेत राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या मिठाईला साखर पुरवली ती मुख्यतः सेंट-डोमिंग, म्हणजे आजच्या हैतीने, आणि तिथल्या मळ्यांत राबत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. १७९१मध्ये त्यांनी उठाव केला. पुढे इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे साखर मिळेनाशी झाली, तेव्हा नेपोलियनने बीटच्या साखरेला उत्तेजन दिले. कारेमचा ‘ल पातिसिए रुआयाल पारिझियँ’ हा प्रख्यात ग्रंथ १८१५चा, म्हणजे नेमक्या या उलथापालथीनंतरचा. ‘स्युक्र’ हा त्यांचा साखरेसाठीचा शब्द मात्र अरबीमार्गे आपल्या ‘शर्करे’पर्यंत येतो.

आता चिरोटा. पोळ्या पातळ लाटायच्या, तूप आणि तांदळाची पिठी फेटून केलेला साटा त्यांवर फासायचा, एकावर एक रचून घट्ट वळकटी करायची, तुकडे कापून हलक्या हाताने लाटायचे आणि मंद आचेवर तळायचे. पापुद्रे सुटतात, पण कारण वेगळे. तुपात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे साटा पदरांना वाफेने उचलत नाही, एकमेकांना चिकटू देत नाही. घरात भट्टी नाही आणि लोणी घट्ट ठेवील असा गारवा नाही, अशा मुलखाने काढलेली ही तोड आहे. दौंडच्या मे महिन्यात लोण्याची घडी घालून पाहणाऱ्यास ती पटेल. (आपल्या खारीत लोण्याऐवजी वनस्पती येते, त्यामागे किमतीइतकाच हा उन्हाळाही आहे.)

म्हणून चोरीचा आरोप मला पोरकट वाटतो. मैदा, स्निग्ध पदार्थ आणि धीर एवढे हाताशी असले की पदरांची युक्ती एकाहून अधिक ठिकाणी सुचू शकते. परंतु खंत खरी आहे ती दरांची. काचेआडच्या क्र्वासाँमागचे कौशल्य मान्य करून आपण त्याचा दर निमूटपणे देतो. दिवाळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईंनी चिरोट्याचा दर सांगितला की घासाघीस सुरू होते. दोन्हींत मनगटाचे काम तेच आहे, आणि वळकटी सैल झाली तर दोन्हीकडे घाणा वाया जातो.

साट्यात तांदळाची पिठी की कॉर्नफ्लोअर, हा वाद प्रतिक्रियांत अवश्य घालावा. मी पिठीच्या बाजूचा आहे.